संक्षेपातले भुयार

ग्रंथाचा संक्षेप करणारा एका गोष्टीवर विसंबून असतो : गाळलेले वाचकाला दिसत नाही. संगीत नाटकातली पदे गाळून ते तीन तासांत बसवले, तर जाणत्या प्रेक्षकाला चुटपूट लागते, एवढेच. नाटक पुढे चालू राहते. परंतु ज्या कलाकृतीत पुढचे वाक्य रसिकानेच बोलायचे असते, तिचा संक्षेप करावा कसा? ‘मिनी-झॉर्क’ खेळताना हा प्रश्न मला छळू लागला.

‘झॉर्क’ हा संगणकावरचा शब्दांचा खेळ. त्यात चित्र नाही. आपण कोठे आहोत हे यंत्र चार वाक्यांत सांगते. उत्तरेला जा, दिवा घे, अशा आज्ञा आपण इंग्रजीत टाइप करायच्या. पांढऱ्या घरातला गालिचा सरकवला की जमिनीतले दार सापडते; उतरावे तो ते डोक्यावर बंद होते, आणि आपण एका भुयारी साम्राज्यात एकटे उरतो. 1977 साली अमेरिकेतल्या एम. आय. टी.मध्ये टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग यांनी तो मोठ्या संगणकावर रचायला घेतला. 1980 मध्ये ‘झॉर्क 1’ या नावाने तो घरगुती संगणकांवर आला. त्याचीच कॉमोडोर 64 या यंत्रासाठी पुढे केलेली छोटी आवृत्ती म्हणजे ‘मिनी-झॉर्क’. संक्षेपाचे कारण अगदी व्यावहारिक होते. चकतीवरचा मजकूर लागेल तसा थोडा थोडा आत घेता येतो. कॅसेटवरून ते जमत नाही. सगळा खेळ एकदम यंत्राच्या पोटात मावला पाहिजे. म्हणून दालने कमी झाली, वर्णने आखडली, यंत्राला कळणारे शब्दही घटले.

मूळ खेळ मी विद्यार्थिदशेत खेळलो होतो. तेव्हा पेन्सिलीने काढलेला नकाशा अजून माझ्यापाशी आहे, घड्यांवर फाटलेला. तो शेजारी ठेवूनच मी छोटी आवृत्ती सुरू केली. हीच माझी चूक झाली. नकाशातल्या वाटेने जावे, तर वाट नाही. जुन्या सवयीने एक शब्द टाइप केला, तर तो यंत्राला ठाऊकच नाही. संक्षिप्त कादंबरीत उणीव झाकलेली राहते. इथे आपणच तिच्यावर हात ठेवतो आणि हात पोकळीत जातो.

आणि जे गेले ते बहुतेक ‘निरुपयोगी’च होते, हे मान्य केले पाहिजे. मूळ खेळात पाचोळ्याची पाने मोजण्याची आज्ञा दिली, तर यंत्र गंभीरपणे 69,105 असा आकडा सांगते. त्या आकड्याने एकही दार उघडत नाही. पण आपल्या वेडेपणाचाही कोणीतरी आधीच विचार करून ठेवला आहे, हा जो प्रत्यय येतो, त्यानेच ते भुयार वसलेले वाटते. कोडी जपून असला ऐवज गाळणारा संपादक माझ्या मते सांगाडा जपतो. मिनी-झॉर्कमध्ये मी पुष्कळदा कोड्याकडून कोड्याकडे चाललो. फिरलो मात्र नाही.

इथवर माझी तक्रार पक्की होती. ती ढिली केली माझ्या भाचीने. तिने यापूर्वी असला खेळ पाहिलाही नव्हता. दिवा मालवून अंधारात पाऊल टाकले की ‘ग्रू’ नावाचा कधीच न दिसणारा प्राणी आपल्याला खातो, हे कळल्यावर ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली. “मामा, दिव्याची बॅटरी संपत असेल ना?” तिने कुजबुजत विचारले. संपते. ते भय संक्षेपातही जसेच्या तसे शाबूत आहे. अंधाराला वर्णन फारसे लागतच नाही.

शिवाय मी ज्याला ‘मूळ’ म्हणतो, तेही एक कापलेलेच प्रकरण. मोठ्या संगणकावरचा खेळ घरगुती यंत्रात मावेना, म्हणून त्याचे तुकडे झाले; ‘झॉर्क 1’ हा त्यातला एक, उरलेले पुष्कळसे पुढच्या दोन भागांत गेले. तो सबंध खेळ खेळलेल्याला माझा नकाशा किती तुटका वाटेल! तरीही अपुरेपण मला विद्यार्थिदशेत कधी जाणवले नव्हते, आणि त्या जोरावर मी या छोट्या आवृत्तीला निर्दोष ठरवायला तयार नाही. तुकडा पाडताना भाषा पातळ करावी लागत नाही. संक्षेप करताना लागली.

दुसऱ्या दिवशी भाचीने स्वतःचा नकाशा काढला, नीटस, एका पानात बसणारा. मग माझा उलगडून दोन्ही शेजारी ठेवले.

“एवढ्या जास्तीच्या खोल्यांत असतं काय, मामा?”

“काही ठिकाणी काहीच नाही.”

ती थोडा वेळ पाहत राहिली. मग माझ्या नकाशातल्या एका रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, “इथे जाऊन बघायचं का?”