उठून जाता न येणारा श्रोता

अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठांत उपासनेसाठी बाहेरचे वक्ते बोलावण्याची प्रथा जुनी आहे. तिच्यावर टीकाही भरपूर झाली आहे, पण तिचा रोख जवळजवळ नेहमी एकाच गोष्टीवर असतो: कोणाला बोलावले आणि कोणाला नाही. उजवे किती, डावे किती, धर्मोपदेशक किती, पुढारी किती. यादीत विरोधी मताचा एखादा माणूस सापडला की संस्था उदार, न सापडला की कोती. ही मोजणी मला अपुरी वाटते, कारण तिच्यात श्रोता कुठेच नाही. भाषण कोणापुढे झाले, त्या माणसांना तिथे यावेच लागले होते का, आणि वक्त्याला याची जाणीव होती का, हे तीन प्रश्न विचारले की त्याच भाषणांचे मोल बदलते. मी धर्मशास्त्राचा पदवीधर नाही. छापील संहिता आणि उपलब्ध चित्रफिती हेच माझे साधन. त्यांच्या आधारे मुख्यतः एका विद्यापीठापुरते बोलतो.

व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग गावी जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने १९७१ साली एक कॉलेज काढले. आज ते लिबर्टी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. तिथल्या सामूहिक सभेला ‘कॉन्व्होकेशन’ म्हणतात. आपल्याकडे या शब्दाने काळे झगे आणि पदवीदान डोळ्यांपुढे येते, तिथे मात्र ती नित्याची सभा आहे. भक्तिगीते होतात, प्रार्थना होते आणि मग पाहुणा बोलतो. मी ज्या वर्षांबद्दल लिहितो आहे, त्या २०१५-१६च्या सुमारास ही सभा आठवड्यातून तीनदा भरे. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना ती सक्तीची होती आणि गैरहजेरीला दहा डॉलर दंड असल्याचे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी छापले आहे.

आपल्या कीर्तनाशी ताडून पाहा. बुवा कितीही रंगात आलेले असोत, मागच्या बाजूचा एखादा उठतो आणि चपला शोधू लागतो. बुवांना ते दिसते. आख्यान लांबवायचे की आवरते घ्यायचे, हे बऱ्याचदा त्या हालचालीवरून ठरते. वक्त्यावरचा हा अंकुश हजेरीपटाने नाहीसा होतो. दहा हजार माणसे समोर बसली आहेत, पण ती आपल्यासाठी आलेली नाहीत, हे वक्त्याने स्वतःच ओळखावे लागते.

हे ओळखणारा एक वक्ता लिंचबर्गमध्ये फार आधी येऊन गेला होता. ३ ऑक्टोबर १९८३ रोजी सिनेटर एडवर्ड केनेडी तिथे बोलले. कॅथलिक, उदारमतवादी, गर्भपाताच्या प्रश्नावर फॉलवेलच्या अगदी विरुद्ध टोकाचे. निमित्त विनोदी होते. फॉलवेलच्या ‘मॉरल मेजॉरिटी’ या राजकीय संघटनेचे सभासदपत्र चुकून केनेडींच्याच नावे गेले, त्याचा गवगवा झाला, आणि त्यातून आमंत्रण निघाले. हा विनोद केनेडींनी भाषणात वापरून घेतला. उंट आणि सुईच्या नेढ्याचा बायबलमधला दाखलाही स्वतःवर ओढून घेतला.

या भाषणाची आठवण काढणारे बहुधा त्याच्या मधल्या भागाकडे वळतात, आणि तो भाग भक्कम आहेच. धर्मश्रद्धेने सार्वजनिक जीवनात बोलावे, पण राज्यसत्तेच्या जोरावर खासगी सदसद्विवेकावर चालून जाऊ नये, असा त्यांचा मुद्दा. अमेरिकेतल्या फसलेल्या दारूबंदीचे उदाहरण त्यांनी दिले. धर्माने राजकारणात कसे बोलावे याच्या चार कसोट्या सांगितल्या, आणि शेवटची कसोटी विरोधकाच्या हेतूचा मान राखण्याची होती. ती त्यांनी आपल्याच बाजूच्या लोकांनाही लावली. फॉलवेलला युद्धखोर म्हणून मोडीत काढणेही चूक आहे, असे त्यांनी त्याच दमात सांगितले.

मला मात्र सुरुवातीची एक क्षुल्लक वाटणारी जागा अधिक महत्त्वाची वाटते. केनेडींनी फॉलवेलला जाहीर विनंती केली की, या भेटीप्रीत्यर्थ येत्या शनिवारी मुलांना वसतिगृहात परतायला एक तास जास्त द्यावा. त्या बदल्यात रविवारी सकाळी मी तुमचा दूरचित्रवाणीवरचा उपासनेचा कार्यक्रम पाहीन, असेही कबूल केले. गंमतच ती, पण तिच्यात वक्त्याने श्रोत्यांची खरी स्थिती पाहिली आहे. समोरची मुले कोणत्या नियमांत राहतात, त्यांच्या संध्याकाळींवर कोणाची सत्ता आहे, हे माहीत करून घेऊन तो आला आहे. शिवाय बदल्यात त्याने स्वतःवर ऐकण्याची सक्ती ओढवून घेतली. तुम्ही माझे ऐकलेत, मी तुमचे ऐकेन. पुढचे सहिष्णुतेचे तत्त्वज्ञान या देवघेवीवर उभे आहे. तिच्याशिवाय ते पाहुण्याने यजमानाला केलेला उपदेश ठरले असते.

सक्तीच्या उपासनेचा हा प्रश्न लिबर्टीने जन्माला घातलेला नाही, म्हणून थोडे मागे जाऊ. १५ जुलै १८३८ रोजी हार्वर्डच्या धर्मशास्त्र विद्यालयात राल्फ वॉल्डो इमर्सन बोलला. बोलावणे शिक्षकांचे नव्हते, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे होते. चमत्कारांवर टेकलेला आणि परंपरेने वाळलेला धर्म त्याने त्या छोट्या सभेत झोडपला. अँड्र्यूज नॉर्टन या धर्मपंडिताने त्या विचारांना नास्तिक्याचा नवा अवतार ठरवले, आणि हार्वर्डचे व्यासपीठ इमर्सनला जवळजवळ तीस वर्षे बंद राहिले. ही गोष्ट बंडखोराची गोष्ट म्हणून आपल्याकडच्या इंग्रजीच्या वर्गांतही सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध सहसा सांगत नाहीत. पुढे हाच इमर्सन हार्वर्डच्या नियामक मंडळावर गेला. सकाळच्या प्रार्थनेची सक्ती उठवण्याचा प्रश्न आला तेव्हा त्याने सक्तीच्या बाजूने मत दिले, असे त्याचा चरित्रकार केबट नोंदवतो. तरुणांना दिवसातून एकदा तरी उदात्त वृत्तीने उभे राहण्याची संधी असावी, अशी त्याची भावना. भावना खोटी नव्हे. पण ज्याला विद्यार्थ्यांनी आपखुशीने बोलावले होते, त्याला त्या आपखुशीची किंमत विसरायला झाली.

हार्वर्डने ती सक्ती १८८६ मध्ये उठवली. त्याच सुमारास तिथे निरनिराळ्या पंथांच्या धर्मोपदेशकांचे एक मंडळ नेमले गेले. फिलिप्स ब्रुक्ससारखे नावाजलेले वक्ते त्यात होते. ते आळीपाळीने येत, प्रार्थना चालवत, आणि विद्यार्थ्यांना भेटायलाही बसत. ही जोडी ध्यानात घेण्याजोगी आहे. श्रोता मोकळा झाला, आणि व्यासपीठही अनेक पंथांना खुले झाले.

मराठी वाचकाला याचा एक धागा ओळखीचा असेल. प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले. ते कॉलेज अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्यांच्या परंपरेतले, पंथाची कबुली न मागणारे. म्हणूनच तिथे धर्मांतर न करता जमखंडीचा हा विद्यार्थी तौलनिक धर्माभ्यास करू शकला. ख्रिस्ती संस्थेला हे जमतच नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एवढा दाखला पुरे.

आता पुन्हा लिंचबर्ग. २३ मार्च २०१५ रोजी सिनेटर टेड क्रूझ यांनी अध्यक्षपदाची उमेदवारी याच सभेत जाहीर केली. दूरचित्रवाणीवर तुडुंब भरलेले सभागृह दिसले. ती गर्दी हजेरीपटाची होती, हे प्रतिस्पर्धी रँड पॉल यांच्या नावाचे सदरे घालून आलेल्या काही विद्यार्थ्यांनी दाखवून दिले. कॅमेऱ्याच्या टप्प्यात ते शांतपणे बसून राहिले. येणे टाळता येत नाही, टाळी रोखता येते आणि सदरा निवडता येतो. त्या सभेवरची सर्वांत नेमकी टीका मला त्या सदऱ्यांत दिसते.

त्याच वर्षी १४ सप्टेंबरला बर्नी सँडर्स आले. ज्यू धर्मीय, स्वतःला समाजवादी म्हणवणारे, आणि तो दिवस नेमका ज्यू नववर्षाचा. गर्भपात आणि समलिंगी विवाह यांवर आपले पटणार नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. मग मत्तयाच्या शुभवर्तमानातला सुवर्णनियम आणि आमोस संदेष्ट्याची न्यायाची हाक घेऊन ते संपत्तीच्या विषमतेकडे वळले. श्रोत्यांच्याच ग्रंथातून श्रोत्यांना अवघड जागी नेण्याची ही रीत प्रामाणिक होती. उणीव असलीच तर ही की, ते भाषण कुठल्याही गावच्या मैदानात जसेच्या तसे चालले असते. मजुरीचे दर, आरोग्यविमा, सर्वांत वरच्या थराकडचा पैसा, सारे आले. समोरची मुले शिक्षणाच्या कर्जाखाली कशी जगतात, सक्तीने इथे बसताना त्यांना काय वाटते, यासाठी ते थांबले नाहीत. पुढे प्रश्नोत्तरांत विद्यापीठाच्या एका पदाधिकाऱ्याने विचारले की, लहानग्यांचे रक्षण हवे म्हणता, मग गर्भातल्यांचे का नको? सभागृह उठून उभे राहिले. तासाभरात श्रोत्यांना मनापासून उभे राहण्याची मुभा मिळाली ती या घटकेला, आणि ती पाहुण्याच्या शब्दाला नव्हती. विद्यापीठाने हा कार्यक्रम आपल्या मोकळेपणाचा पुरावा म्हणून मिरवला. मला तो निम्मा पुरावा वाटतो. पाहुण्याला बोलू दिले, हे खरे. पण प्रश्न आला तो संस्थेच्या पदाधिकाऱ्याच्या तोंडून.

१८ जानेवारी २०१६ रोजी डोनाल्ड ट्रम्प आले. दिवस मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ असलेल्या सुट्टीचा. या भाषणाची जगभर एकच गोष्ट गाजली. बायबलमधल्या ‘करिंथकरांस दुसरे पत्र’ याला अमेरिकेत ‘सेकंड कोरिंथियन्स’ म्हणतात. ट्रम्प ‘टू कोरिंथियन्स’ म्हणाले आणि सभेत हशा पिकला. ब्रिटनमध्ये तसे म्हणणे चालते, तेव्हा त्या हशात फार अर्थ शोधू नये. अधिक बोलके आहे ते वचनाचे निवडणे. प्रभूच्या आत्म्याशी स्वातंत्र्य जोडणारे ते वचन, आणि ‘लिबर्टी’ म्हणजे स्वातंत्र्य. विद्यापीठाचे नाव आणि वचनातला शब्द जुळला की काम झाले. सँडर्सनी ग्रंथ युक्तिवादासाठी वापरला, ट्रम्पनी ओळखपत्रासारखा दाखवला. वक्त्याची ओळख करून देताना संस्थापकाचे चिरंजीव आणि विद्यापीठाचे प्रमुख जेरी फॉलवेल ज्युनियर यांनी त्यांच्या जगण्याची सांगड येशूच्या प्रीतीच्या आज्ञेशी घातली, आणि आठवड्याभरात त्यांना व्यक्तिशः पाठिंबा जाहीर केला. माझी मुख्य हरकत इथे आहे. प्रार्थनेने सुरू होणाऱ्या सभेत यजमान अशी प्रशस्ती देतो, तेव्हा सक्तीने आणलेल्या मुलांची उपस्थितीच त्या प्रशस्तीची सही बनते. त्यांना न विचारता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिथल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने ट्रम्पविरोधी निवेदन काढले. ही सही आमची नाही, असेच त्यांना सांगायचे होते.

यजमान नेहमी वक्त्यालाच भितो असे नाही. १९ एप्रिल १९६१ रोजी लुईव्हिलच्या सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरीत मार्टिन ल्यूथर किंग चॅपेलमध्ये बोलले. तिथे ऐकणाऱ्यांचा प्रश्नच नव्हता. बाहेरच्या काही मंडळ्यांनी देणग्या रोखल्या आणि विश्वस्तांनी खेद व्यक्त केला. म्हणजे सभागृहात न बसलेला श्रोता अधिक वजनदार ठरला. उलट दिशेचेही उदाहरण आहे. २ फेब्रुवारी २००० रोजी जॉर्ज डब्ल्यू. बुश बॉब जोन्स विद्यापीठात बोलून गेले. गोऱ्या-काळ्या विद्यार्थ्यांच्या प्रेमसंबंधांवर तिथे बंदी होती, त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. गदारोळ बाहेर उठला आणि महिन्याभरात विद्यापीठाने ती बंदी उठवली. भाषणाने नव्हे, भाषणातल्या मौनाने नियम पडला.

लिबर्टीकडे शेवटचे एकदा. विरोधकाला व्यासपीठ देणारी ही संस्था घरच्या टीकाकाराला कसे वागवते? ऑक्टोबर २०१७ मध्ये जोनाथन मार्टिन या धर्मोपदेशकाने फॉलवेल ज्युनियरवर जाहीर टीका केली आणि विद्यापीठाच्या आवारात निषेधाची प्रार्थना करण्याचा मनोदय सांगितला. तो एका गाण्याच्या कार्यक्रमाला आला असता विद्यापीठाच्या पोलिसांनी त्याला आवाराबाहेर काढले. एप्रिल २०१८ मध्ये शेन क्लेबोर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिंचबर्गमध्येच एका शाळेत प्रार्थनासभा भरवली. हे लोकही बायबलवर श्रद्धा ठेवणारे, त्याच इव्हँजेलिकल परंपरेतले. क्लेबोर्नने फॉलवेलला पत्र लिहून सोबत प्रार्थना करण्याची इच्छा कळवली. उत्तर विद्यापीठाच्या पोलिसांकडून आले: आवारात पाऊल टाकल्यास अटक, बारा महिन्यांपर्यंत तुरुंग आणि अडीच हजार डॉलरपर्यंत दंड. सभेला न येणाऱ्या विद्यार्थ्याला दहा डॉलर, प्रार्थनेला येऊ पाहणाऱ्या धर्मबंधूला अडीच हजार. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने त्या प्रार्थनासभेची बातमी देऊ नये, असेही फॉलवेलने कळवले होते. शाळेतली ती सभा ठरल्याप्रमाणे दोन दिवस झाली. तिथे हजेरी घेणारे कोणी नव्हते.