क्रोमार्टीचे पूर्व चर्च : तलविन्यास आणि सज्जे

प्रेसबिटेरियन पंथाच्या चर्चवास्तूंची चर्चा बहुधा त्यांच्या साधेपणापाशी येऊन थांबते, आणि हा साधेपणा म्हणजे समतेचेच दृश्य रूप होय, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. स्कॉटलंडच्या उत्तर भागात, क्रोमार्टी खाडीच्या मुखाशी वसलेल्या क्रोमार्टी गावातील पूर्व चर्च ह्या निष्कर्षाची मर्यादा दाखवून देते.

ह्या वास्तूचे मूळ मध्ययुगीन आहे. इ. स. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर वेदीवरील विधीची जागा प्रवचनाने घेतली. पूर्वटोकाच्या वेदीकडे दृष्टी लागावी म्हणून बांधलेल्या लांबट दालनात आता शब्द ऐकावयाचे होते. प्रवचनपीठ दक्षिणेच्या लांब भिंतीच्या मध्यावर आले. पुढे १७३९ साली त्याच्या समोर, उत्तरेस, काटकोनात एक दालन जोडले गेले आणि वास्तूला इंग्रजी 'टी' अक्षराचा आकार आला. तिन्ही बाहूंतील श्रोते एकाच वक्त्याभोवती एकवटले. डोळ्यांसाठी असलेली जागा अशा रीतीने कानांसाठी झाली. येथील साधेपणा हा कलेचा अभाव नसून प्रयोजनाशी राखलेली निष्ठा आहे.

तथापि तलविन्यास जे सांगतो ते वास्तूचा उभा छेद सांगत नाही. अठराव्या शतकात येथे तीन लाकडी सज्जे उभारले गेले. त्यांपैकी १७५६ चा जमीनदाराचा सज्जा सर्वांत अलंकृत आहे. इतर दोन गरिबांचा व विद्यार्थ्यांचा अशा नावांनी ओळखले जातात. प्रवचन सर्वांना एकच. आसने मात्र समाजातील स्थानानुसार. जमिनीच्या पातळीवर साधलेली एकत्रता उंचीच्या पातळीवर पुन्हा विभागली गेली. श्रवणालाही भाषेची सीमा होतीच. गेलिक भाषकांसाठी त्याच शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज रॉस ह्या जमीनदाराने गावालगतच्या टेकडीवर वेगळे प्रार्थनामंदिर बांधले. आज ते छपराविना उभे आहे.

ह्या विसंगतीला वास्तूचा दोष म्हणणे योग्य ठरणार नाही. आसनांवरील व धर्मोपदेशकाच्या नेमणुकीवरील जमीनदारवर्गाचा अधिकार हा स्कॉटिश चर्चमधील दीर्घ संघर्षाचा विषय होता. १८४३ साली ह्या चर्चमध्ये जी मोठी फूट पडली तिच्या मुळाशी नेमणुकीचा हाच प्रश्न होता. आणि त्या चळवळीचा एक प्रभावी पत्रकार, भूवैज्ञानिक ह्यू मिलर (१८०२–१८५६), क्रोमार्टीचाच पुत्र होता.

म्हणूनच सज्ज्यांचे जतन महत्त्वाचे ठरते. एकोणिसाव्या शतकातील नूतनीकरणात अनेक स्कॉटिश चर्चमधील जुनी आसनरचना नाहीशी झाली. क्रोमार्टीची मात्र बव्हंशी टिकून राहिली. १९९८ साली ही वास्तू संरक्षक न्यासाकडे आली व पुढे तिची दुरुस्ती झाली. मूळ दालन 'शुद्ध' करण्याच्या हेतूने हे सज्जे काढले गेले असते, तर केवळ समतेची प्रतिज्ञा उरली असती. ती कोठे अपुरी पडली ह्याचा पुरावा मात्र नष्ट झाला असता.