हवेचा माग

डिझेल इंजिन दम देईनासं झालं की पहिला संशय पंपावर जातो, दुसरा नोझलवर. हवेचं नाव कुणी घेत नाही. ती फुकटची, तिचं काय बिघडणार? पण हिशेब करून बघा. लिटरभर डिझेल पुरतं जळायला जवळपास १२ किलो हवा लागते, म्हणजे साधारण १०,००० लिटर. अडीच लिटर क्षमतेचं, टर्बो नसलेलं ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर सुमारे अडीच हजार लिटर हवा ओढतं. आणि शेलूबाजारच्या शिवारात ऑक्टोबरात ही हवा कसली? सोयाबीनची सोंगणी उरकलेली, गंजीला थ्रेशर लागलेला, आणि ट्रॅक्टर उभा त्या थ्रेशरलाच जोडून, कुटाराच्या धुरळ्यात. नांगरणीतसुद्धा इंजिनाला इतकी वाईट हवा मिळत नाही.

मंगरूळपीर तालुक्यातलं हे गाव रस्त्यांवर वाढलं. मालेगाव–कारंजा रस्ता, अकोल्याहून मंगरूळपीरला जाणारा रस्ता आणि आता समृद्धी महामार्ग. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. अशा ठिकाणी मिस्त्रीच्या हाताखालून जुना ट्रॅक्टरही जातो आणि टर्बोचा ट्रकही. हवेचा बिघाड शोधणारा चांगला मिस्त्री कामाला लागला की बघत राहावं असं मला वाटतं. त्याच्या कामातली पहिली गोष्ट म्हणजे तो पाना उचलत नाही.

आधी तो धूर बघतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनाचा पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. इथे घाईचा माणूस लगेच फिल्टर बदलतो; पण काळा धूर बिघडलेला नोझलही देतो. म्हणून जाणता मिस्त्री फिल्टरच्या पुढच्या पाइपाला पारदर्शक नळी लावतो, तिचा यू करून त्यात पाणी भरतो आणि रेस देतो. हवा अडत असेल तर इंजिनाकडचं पाणी वर चढतं, दुसऱ्या बाजूचं तेवढंच उतरतं. दोन पातळ्यांतला फरक म्हणजे हवेच्या वाटेतला अडथळा. मोठ्या इंजिनांना साधारण ६३५ मिलिमीटर ही शेवटची हद्द धरतात. नळी आखूड असेल तर पाणीच इंजिनात जायचं, तेव्हा ती भरपूर लांब हवी. यातली खरी मजा पुढे आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची हवा फेऱ्यांवर ठरते, म्हणून ट्रॅक्टर अंगणात उभ्या उभ्या तपासता येतो. टर्बोवाल्याची हवा भारावर वाढते. रिकामा ट्रक जागेवर कितीही रेस केला तरी पाणी खरं बोलत नाही. तो भरलेला चढावर न्यावा लागतो. दोन इंजिनांना दोन वेगळ्या परीक्षा, हे ज्याला उमगलं त्याचं निदान सहसा चुकत नाही.

चोंदलेला फिल्टर मात्र माझ्या मते सोपा बिघाड. तो धूर ओकून स्वतःच बोंब मारतो. खरा कस लागतो तो उलट्या बिघाडात.

“काय त्रास आहे, काका?”
“त्रास काही नाही बा. लय मस्त चालून राह्यला. ऑइल तेवढं खाते.”

हे ऐकून मिस्त्रीचा चेहरा पडतो. फिल्टरच्या पुढचा होज चिरला किंवा त्याची क्लिप सैल झाली, तर धूळ फिल्टरला वळसा घालून थेट आत जाते. धूर नाही, दम कमी नाही, गिऱ्हाइकाची तक्रार नाही. आत मात्र लायनर आणि रिंगा घासल्या जात असतात. आवाजावरून ओळखावं तर चिरेची शिट्टी थ्रेशरच्या गोंगाटात कुठली ऐकू येणार!

आता तो होज उतरवतो. पाइपाच्या आतून बोट फिरवतो आणि बोटाला लागलेलं काळं चिमटीत चोळतो. काजळी असेल तर मऊ, तेलकट, पसरत जाणारी. माती असेल तर कचकचते. आपल्या काळ्या मातीच्या मुलखात हे दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसतं, म्हणून ही परीक्षा चिमटीचीच. मग बॅटरी तिरपी धरून आतल्या भिंतीवर उजेड टाकतो, आणि तिथे धुळीचा एक पट्टा उमटलेला दिसतो: एका टोकाला बारीक, इंजिनाच्या दिशेने पसरत गेलेला. बारीक टोकाशी बाहेरून होज दुमडला की खालच्या अंगाला, जिथे सहसा कुणाची नजर जात नाही, तिथे केसाएवढी चीर उघडते. धुळीनेच धुळीची वाट दाखवलेली असते. हा क्षण मला फार आवडतो. उकलीत कुठेही अंदाज नाही.

टर्बो असेल तर हे गणित आणखी एक वळण घेतं. टर्बोच्या अलीकडची गळती धूळ आत ओढते आणि पंख्याच्या पात्यांच्या कडा झिजवते. पलीकडच्या पाइपात मात्र दाब असतो. तिथली गळती हवा बाहेर फेकते, गाडीचा पिकअप जातो, काळा धूर येतो आणि जोडावर बाहेरून तेलकट डाग पडतो. बिघाड एकाच वाटेवरचे, लक्षणं अगदी उलटी.

दुरुस्ती तशी साधी. चिरलेल्या होजला सायकलची ट्यूब गुंडाळणं हे काम नव्हे. उष्णतेने ती सुटते आणि वर सगळं ठीक असल्याचा भास ठेवून जाते. होज नवाच हवा, आणि तो चढवण्याआधी आतला पाइप पुसलेला हवा.

फिल्टरच्या बाबतीत तर हात आवरणं हीच कला. रोज फिल्टर काढून चाकावर आपटणारे कष्टाळू लोक मला माहीत आहेत. त्यांचीच इंजिनं लवकर बोअरला येतात. कागदावर बसलेली धूळ पुढची धूळ अडवते, त्यामुळे थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा बारीक गाळतो. आपटून घड्या वाकतात, रबराची कड बसत नाही. टायरच्या कॉम्प्रेसरची शंभर पॉइंटची हवा मारली तर कागदच फाटतो. मारायचीच तर तीसेक पॉइंटची, आतून बाहेर, आणि नंतर आत बल्ब धरून बघायचं: टाचणीएवढा उजेड दिसला तरी फिल्टर बाद.

जुन्या ट्रॅक्टरांच्या ऑइल बाथचा न्याय वेगळा. तिथे हवा ऑइलवरून वळते, धूळ ऑइलात पडते, उरलेली जाळी धरते. ऑइल खुणेच्या खाली गेलं तर धूळ आत, वर गेलं तर ऑइलच आत. मग डिझेल बंद केलं तरी इंजिन त्या ऑइलवर सुसाट पळू शकतं. अशा वेळी हवेचं तोंड जाड फळीने बंद करतात. हात लावायचा नसतो.

काकांच्या ट्रॅक्टरचा होज बदलला तरी मिस्त्री हिशेब लगेच करत नाही. चालू इंजिनाचा ब्रीदर बघतो. तिथून धापा टाकल्यासारखे धुराचे लोट आले तर रिंगा गेल्या, आता बोअरचंच काम. हलकीशी वाफ असेल तर ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी बदलायचा, कारण आत गेलेली माती अजून त्या ऑइलातच फिरत असते. काका कुरकुरतात, ऑइल बदलून अजून महिना झालेला नसतो. मिस्त्री ऐकत नाही. ड्रेन बोल्टाखाली घमेलं सरकवतो.