नैसर्गिक वायूच्या इंजिनातील प्रज्वलन व नॉक : गणिती प्रतिमानांची समीक्षा

ठिणगीने पेटलेली ज्वाला पोहोचण्यापूर्वीच सिलिंडरमधील उरलेले मिश्रण आपोआप पेटले, तर दाबाच्या लहरी उठतात. यालाच नॉक म्हणतात. हा क्षण वर्तविण्यासाठी लिव्हेनगुड व वू यांनी १९५५ मध्ये मांडलेले समाकल आजही वापरले जाते. त्याची सुटसुटीतता निर्विवाद आहे. मात्र त्यात घातले जाणारे प्रज्वलन-विलंबाचे सूत्र पुष्कळदा तपासले जात नाही. दुओ व एझा यांचे १९७८ चे सूत्र ऑक्टेन अंकावर, म्हणजेच पेट्रोलवर बेतलेले आहे. ते जसेच्या तसे मिथेनला लावणे सदोष ठरते. वायूची नॉकरोधकता मिथेन अंकाने मोजतात : शुद्ध मिथेन १००, हायड्रोजन ०. प्रोपेनमुळे हा अंक घसरतो, तर कार्बन डायऑक्साइडमुळे वाढतो.

जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. कल्याणकडून माळशेज घाट चढणारे सीएनजी वाहन जवळजवळ पूर्ण भारावर चालते व नॉकचा धोका तेथेच अधिक असतो. विघ्नहर, भीमाशंकर यांसारख्या साखर कारखान्यांतील प्रेसमडपासून बायोगॅस करता येतो. शुद्धीकरणाच्या प्रमाणानुसार त्याचा मिथेन अंक बदलतो. वायूचे घटक स्थिर मानणारे प्रतिमान येथे अपुरे पडते.

दुसरी उणीव सरासरीची. नॉक प्रथम सर्वाधिक वेगाने जळणाऱ्या आवर्तनांत होतो. सरासरी दाबवक्रात तो दिसतच नाही. सारांश, वायूचे घटकप्रमाण व आवर्तनांतील भिन्नता नमूद न करता दिलेली नॉक-मर्यादा स्वीकारार्ह मानता येणार नाही.