विद्यापीठाचें ग्रंथालय आणि भीमाकांठचा वाचक

ग्रंथालयाची थोरवी ग्रंथसंख्येवरून ठरविण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. कपाटें किती, पुस्तकें किती, त्यांत दुर्मिळ किती, एवढें विचारलें म्हणजे परीक्षण पुरें झालें असें आपण समजतों. आम्हांस ही कसोटी अपुरी वाटते. कोठार किती भरलें आहे यापेक्षां त्यांतील धान्यावर किती घरीं चूल पेटली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा नव्हे काय?

पुणें विद्यापीठाची स्थापना १९४९ सालीं झाली आणि लागलीच १९५० सालीं त्याचें ग्रंथालय उभें राहिलें. पहिले कुलगुरु डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या नांवानें तें ओळखलें जातें. विद्यापीठास २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. पुणें, अहिल्यानगर व नाशिक हे जिल्हे त्याच्या कक्षेंत येतात. अर्थात् शिरूर तालुक्यांतील भीमेकांठचें वडगांव रासाईही येतें. तेथील शेतकरी व शिक्षक हेही या ग्रंथालयाचे दूरचे धनीच होत.

संशोधनाचीं साधनें जपून ठेवणें हें अशा ग्रंथालयाचें पहिलें कर्तव्य, हें आम्हांस मान्य आहे. दुर्मिळ ग्रंथ गांवोगांव फिरवावे असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. परंतु प्रबंधांची गोष्ट निराळी. खेड्यांतील पाण्यावर, पिकांवर, बोलींवर, देवस्थानांवर प्रबंध लिहिले जातात. माहिती गांव पुरवितें, पदवी विद्यार्थ्यास मिळते आणि प्रबंध फळीवर जाऊन बसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळें प्रबंधांच्या संगणकीय प्रती ‘शोधगंगा’ या भांडारांत ठेवण्याची सोय झाली, व घरबसल्या त्या वाचतां येऊं लागल्या. दार उघडलें हें खरें. पण सूची चालते ती लेखकाच्या नांवानें, शीर्षकानें किंवा विषयानें. खेड्यांतील वाचकास यांपैकीं बहुधा कांहींच ठाऊक नसतें. त्यास ठाऊक असतें तें आपल्या गांवाचें नांव!

सयाजीराव गायकवाडांनीं १९१० सालीं बॉर्डन नांवाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास आणिला, आणि पुढें त्या संस्थानांत पेट्या भरून पुस्तकें खेड्यापाड्यांत जाऊं लागलीं. आज पेटीची गरज उरलेली नाहीं. गांववार व तालुकावार अशी प्रबंधांची एक सूची मात्र हवी. आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्यान्वयें अनुदान घेणाऱ्या गांवोगांवच्या वाचनालयांत तिची एक प्रत हवी. हें काम मोठ्या खर्चाचें नव्हे, चिकाटीचें आहे.

आपल्या विहिरींविषयीं, आपल्या देवीविषयीं कोणी काय लिहिलें, हें वडगांवच्या मुलीस गांवींच कळूं लागेल, त्या दिवशीं हें ग्रंथालय तीन जिल्ह्यांचें झालें असें आम्ही म्हणूं. तोंवर तें संपन्न आहे एवढेंच म्हणतां येईल.