किमान नॉइजचा मोह: गोन्झालेझ यांच्या पुस्तकाबद्दल थोडं

आज आपण एका गाजलेल्या पाठ्यपुस्तकाकडे चिकित्सक नजरेनं बघणार आहोत. गिलेर्मो गोन्झालेझ यांचं 'मायक्रोवेव्ह ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर्स', पहिली आवृत्ती १९८४ची. स्मिथ चार्टवर स्थैर्याची, गेनची आणि नॉइजची वर्तुळं एकत्र कशी वाचायची, हे इतकं नीट शिकवणारी पुस्तकं थोडीच. हे श्रेय आधी देऊ.

आता आक्षेप. यातली बहुतेक उदाहरणं एकाच फ्रिक्वेन्सीवरची, आणि मॅचिंग नेटवर्कमध्ये लॉस नाही असं धरून सोडवलेली. शिकायला ते ठीकच. पण विद्यार्थी तिथंच थांबतो. डेटाशीटवरची ०.५ डीबी नॉइज फिगर आपल्याला मिळालीच, असं समजतो.

हिशोब करून बघू. ०.५ डीबी म्हणजे साधारण ३५ केल्विन. ट्रान्झिस्टरच्या आधी कनेक्टर, कपॅसिटर आणि मायक्रोस्ट्रिप यांनी मिळून ०.२ डीबी खाल्ले, की झाले ०.७ डीबी, म्हणजे ५१ केल्विन. फ्रिस यांच्या १९४४च्या सूत्रानुसार पुढच्या टप्प्याचा नॉइज पहिल्या टप्प्याच्या गेननं भागला जातो. आधीच्या लॉसला मात्र ही सवलत नाही. तो सरळ बेरजेत येतो.

दुसरी गोष्ट स्थैर्याची. १.४ गिगाहर्ट्झला शहाण्यासारखा वागणारा ट्रान्झिस्टर ३०० मेगाहर्ट्झला ऑसिलेट करू शकतो, कारण खाली त्याचा गेन भरपूर असतो. म्हणून स्थैर्य सगळ्या पट्ट्यात तपासायचं. त्यासाठी रेझिस्टर घालायचा तर शक्यतो आउटपुटला. इनपुटला घातला तर तो स्वतःचाच नॉइज आणतो. सोर्सला किंचित इंडक्टन्स दिलं की नॉइज मॅच आणि पॉवर मॅच जवळ येतात. जास्त दिलं, की वरच्या फ्रिक्वेन्सीला तोच ट्रान्झिस्टर बिथरतो.

एवढी काटकसर कशासाठी? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी १४२० मेगाहर्ट्झचा हायड्रोजन ऐकतो. तितकीच संवेदनशीलता हवी असेल, तर निरीक्षणाचा वेळ सिस्टिम तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तापमान १० टक्के वाढलं, की वेळ २१ टक्के जास्त. १०० तासांचं काम १२१ तासांवर जातं.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच: वर्तुळं काढायला गोन्झालेझ यांच्याकडूनच शिका, पण हिशोब अँटेनाच्या कनेक्टरपासून सुरू करा.