अपराध्यांचा पाळक

धर्मोपदेशकाचें चरित्र लिहूं पाहणाऱ्यापुढें एक अडचण नेहमींच उभी असते. सेनापतीच्या लढाया मोजतां येतात, ग्रंथकाराचीं पुस्तकें चाळतां येतात. परंतु ज्यानें आपलें आयुष्य दुसऱ्यांच्या अंथरुणाशीं आणि कोठडीच्या दाराशीं बसून वेंचलें, त्याचें कर्तृत्व दाखवावयाचें कशांत? अशा वेळीं चरित्रकार गुणांची जंत्री देऊं लागतो आणि चरित्राची आरती होते. अमेरिकेंतील लूथरपंथी पाळक हेन्री गेरिके यांच्यावर टिम टाउनसेंड यांनीं लिहिलेलें व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेलें 'मिशन ॲट न्यूरेंबर्ग' हें पुस्तक या मोहांतून बऱ्याच अंशीं सुटलें आहे. त्याचें श्रेय लेखकाच्या संयमाला जितकें, तितकेंच विषयालाही आहे. कारण गेरिके यांच्या वाट्याला आलेलें काम मुळीं आरतींत बसणारेंच नव्हतें.

गेरिके यांचा जन्म १८९३ सालीं मिसूरी राज्यांतील एका जर्मन वंशाच्या शेतकरी कुटुंबांत झाला. शिक्षण पुरें होण्याआधींच, १९१९ सालीं, त्यांनीं विवाह केला आणि विवाहितांना जागा नसलेल्या धर्मविद्यालयाचें दार त्यांना बंद झालें. पुढें खासगी अभ्यास करून १९२६ सालीं त्यांनीं दीक्षा मिळविली. सेंट लुईस शहरांतील एका मंडळीचे ते पाळक झाले. पण १९३५ सालीं ती स्थिर जागा सोडून त्यांनीं तुरुंग आणि इस्पितळें हेंच आपलें क्षेत्र मानलें. १९४३ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते सैन्याचे चॅप्लेन झाले. त्यांचे थोरले दोन मुलगेही त्या युद्धांत सैन्यांत होते.

नोव्हेंबर १९४५ मध्यें त्यांना न्यूरेंबर्गच्या तुरुंगांत पाठविण्यांत आलें. त्यांना जर्मन येत होतें आणि तुरुंगाचा अनुभव होता. जाण्याची सक्ती मात्र नव्हती. डाखाउची छळछावणीही त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली होती. तरी ते गेले. खटल्यास हजर असलेल्या २१ आरोपींपैकीं १५ प्रॉटेस्टंट त्यांच्याकडे आले, सहा कॅथॉलिक फादर सिक्स्टस ओकॉनर यांच्याकडे. पहिल्याच भेटींत गेरिके यांनीं आरोपींपुढें हात केला. याबद्दल पुढें त्यांना पुष्कळ दूषणें ऐकावीं लागलीं. दोन कोठड्यांमधील भिंत पाडून लहानसें प्रार्थनामंदिर केलें होतें, आणि तेथें ऑर्गन वाजविणारा एस. एस. पथकाचा माजी अधिकारी होता. हेस व रोझेनबर्ग तिकडे फिरकले नाहींत. कायटेल, रिबेनट्रॉप आणि झाउकेल यांनीं मात्र पश्चात्ताप प्रकट केला व त्यांना प्रभुभोजन मिळालें. गेरिके घरीं परत जाणार अशी वार्ता पसरली, तेव्हां सर्व आरोपींनीं सह्या करून त्यांच्या पत्नीस पत्र पाठविलें आणि आपल्या पतीस येथेंच राहूं द्यावें अशी विनंती केली.

येथवरची कथा हृदयस्पर्शी आहे, आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. क्रूर माणसांच्या डोळ्यांत पाणी आलें एवढें सांगून थांबलेलें चरित्र वाचकाचे डोळे ओले करील. त्याच्या विवेकाला मात्र तें स्पर्श करणार नाहीं. या चरित्राची कसोटी १५ ऑक्टोबर १९४६ च्या रात्रीं आहे. गोअरिंग नियमानें उपासनेस येत असे, परंतु शास्त्रवचनांची थट्टाही करीत असे. शेवटच्या संध्याकाळीं त्यानें प्रभुभोजन मागितलें. ख्रिस्ताला तारणारा म्हणून मात्र तो मानावयास तयार नव्हता. गेरिके यांनीं नकार दिला. थोड्याच वेळांत गोअरिंगनें विष घेतलें. उरलेल्या दहा जणांना मध्यरात्रीनंतर फांशीं देण्यांत आलें. कायटेलबरोबर गेरिके वधस्तंभापर्यंत चालत गेले आणि दोघांनीं मिळून आईनें लहानपणीं शिकविलेली प्रार्थना म्हटली.

या नकाराबद्दल टीका झाली. मरणाच्या दारीं उभ्या असलेल्या माणसाचें अंतःकरण पारखण्याचा अधिकार पाळकाला कोणीं दिला, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. परंतु लूथरपंथांत प्रभुभोजन हें केवळ स्मरण नव्हे. भाकर आणि द्राक्षारस यांत प्रभु प्रत्यक्ष असतो अशी त्यांची श्रद्धा आहे. अश्रद्धेनें घेतलेला तो प्रसाद घेणाऱ्यासच दोषी ठरवितो. अशा स्थितींत गोअरिंगला तो देणें म्हणजे त्याला शेवटची एक शोभा पुरविणें झालें असतें. प्रस्तुत लेखकाच्या मतें या नकारामुळेंच कायटेलला दिलेल्या दानाला अर्थ येतो. जी क्षमा कोणालाही नाकारतां येत नाहीं, ती कोणाला मिळाली असें म्हणण्यांत तरी काय उरलें?

आणखी एक भेद येथें ध्यानांत ठेवावयास हवा. देवाच्या वतीनें क्षमा जाहीर करणें निराळें, आणि ज्यांचे प्राण घेतले त्यांच्या वतीनें क्षमा करणें निराळें. दुसरा अधिकार कोणाही पाळकास नाहीं. सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकांत १९५१ सालीं गेरिके यांनीं स्वतः लिहिलेल्या लेखाचा रोख कैद्यांच्या अखेरच्या क्षणांवर आहे. तो साक्षीदाराचा लेख आहे आणि तेवढ्यापुरता अमोल आहे. टाउनसेंड त्यापलीकडे जाऊन क्षमेचाच प्रश्न उपस्थित करतात, हें त्यांच्या पुस्तकाचें मोठें बळ होय. ते धर्मविषयक वार्ता लिहिणारे वृत्तपत्रकार. त्या व्यवसायाची चौकस वृत्ति त्यांच्या ग्रंथांत जागोजाग दिसते, आणि त्याच व्यवसायाचा पाल्हाळही. सैन्यांतील चॅप्लेनांचा इतिहास सांगण्यांत ते इतके रमतात कीं, गेरिके कांहीं काळ दृष्टीआड होतात.

लष्करी सेवेंतून निवृत्त झाल्यावर गेरिके इलिनॉय राज्यांतील चेस्टर या लहान गांवीं गेले. तेथील मंडळीचे ते सहायक पाळक झाले आणि जवळच्या मेनार्ड तुरुंगांतील बंदिवानांचेही. १९६१ सालीं त्यांचें निधन झालें. या अखेरच्या वर्षांत जग पाहील असें कांहीं घडलें नाहीं, आणि चरित्रकाराला तेथें फारसें सांगावयास मिळत नाहीं. परंतु हिटलरच्या सहकाऱ्यांपुढें ज्यानें हात केला, त्यानें तोच हात पुढें कोणा अनामिक चोरापुढेंही केला, ही गोष्ट न्यूरेंबर्गचा अर्थ उलगडून दाखविते. नाहींतर तो केवळ थोरामोठ्यांच्या अपराधांचा पाळक ठरला असता.